दास आणि वीर : इंदूरच्या झांक्या आणि पडद्यावरचा हनुमान

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकाचा अ‍ॅनिमेशनपट, म्हणजे हालचालीचे टप्पे चित्रांत उतरवून ती चित्रे सलग वेगाने दाखवणारा चित्रपट, भारतात मोठ्या प्रमाणावर गाजला तो 2005 च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झालेल्या 'हनुमान'च्या रूपाने. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातील व्यक्तिरेखा आणि आशय कसाला उतरतात का, हे ठरवताना परदेशी अतिमानवांचे माप लावण्यापेक्षा ज्या समाजात हा नायक शतकानुशतके वावरला त्या समाजाचे माप लावणे अधिक न्याय्य आहे, आणि त्यासाठी इंदूर हे विशेष उपयोगी शहर आहे, कारण तेथे मराठी परंपरा आणि माळव्याची स्थानिक श्रद्धा एकत्र आल्या.

मराठी परंपरेत मारुतीची दोन रूपे ठळकपणे ओळखली जातात. हात जोडून उभा राहतो तो दास मारुती आणि पराक्रमाच्या आवेशात दिसतो तो वीर किंवा प्रताप मारुती. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ येथे ही दोन्ही रूपे राममंदिराच्या सान्निध्यात आहेत आणि त्यांचे एकत्र असणे अर्थपूर्ण आहे, कारण वीराचे बळ दासाच्या निष्ठेपासून तोडले की ती व्यक्तिरेखाच उरत नाही. अठराव्या शतकात होळकरांबरोबर माळव्यात आलेली आणि 1818 च्या मंदसोर तहानंतर इंदूर राजधानी झाल्यावर तेथे मोठ्या संख्येने स्थिरावलेली मराठी कुटुंबे याच परंपरेत वाढलेली होती. मारुतीची उपासना माळव्यात त्यांच्याही आधीपासून होती, त्यामुळे ती मराठी माणसांनी नेली असे म्हणता येत नाही. इंदूरजवळच्या सांवेर येथील उलट्या हनुमानाचे मंदिर स्थानिक श्रद्धेची खोली दाखवते. अहिरावणाने पळवलेल्या राम-लक्ष्मणांना सोडवण्यासाठी हनुमान येथूनच पाताळात शिरला, अशी त्याची कथा आहे, आणि त्या मूर्तीचे खाली असलेले मस्तक पराक्रमाबरोबरच तो कोणासाठी केला याचीही आठवण ठेवते.

या उपासनेला विसाव्या शतकात हालत्या चित्राचे रूप मिळाले ते कापड गिरण्यांमुळे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण आणि स्वदेशी या गिरण्यांचे कामगार अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या काढू लागले. झांकी म्हणजे गाडीवर उभारलेला देखावा, ज्यात पुराणातील किंवा रामायणातील प्रसंगांच्या मूर्तींचे हात, माना आणि शस्त्रे यंत्राने हलतात आणि सारा देखावा विजेच्या दिव्यांनी उजळलेला असतो. या झांक्यांबरोबर आखाड्यांचे पहिलवान आणि पट्टे-लाठी फिरवणारे तरुण चालतात, आणि रात्रभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात. यंत्रमागावर राबणाऱ्या हातांनीच मूर्तींना हालचाल दिली, ही गोष्ट भारतीय अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात नोंदवली जायला हवी होती. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, इतर गिरण्याही पुढे थंडावल्या, तरी थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या कामगारांनी झांकीची परंपरा सोडली नाही. त्या देण्यांचे सुमारे 224 कोटी रुपये 2023 च्या डिसेंबरमध्ये मंजूर होईपर्यंत अनेक कामगार हयात राहिले नव्हते.

पडद्यावर हनुमान मात्र 2005 च्या चित्रपटाच्या कितीतरी आधी आला होता. आगकाड्या हलवून चित्रफीत तयार करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये गणपत शिंदे यांना हनुमान केले आणि चित्रणातील युक्त्यांनी त्याचे उड्डाण प्रेक्षकांसमोर घडवले.

या पार्श्वभूमीवर 2005 चा चित्रपट पाहिला तर त्याचा पूर्वार्ध निःसंशय भक्कम ठरतो. सूर्याला फळ समजून झेपावणारे बालक, इंद्राच्या वज्राचा आघात, आणि खोड्यांना कंटाळलेल्या ऋषींच्या शापाने आलेले सामर्थ्याचे विस्मरण, या कथेत व्यक्तिरेखेचे मर्म आहे, कारण येथे नायकाची उणीव बळाची नाही, तर बळाच्या जाणिवेची आहे आणि ती जाणीव त्याला जांबवंताने करून द्यावी लागते. 1938 मध्ये अवतरलेला अमेरिकेचा सुपरमॅन आपली शक्ती स्वतः जाणतो आणि जगापासून लपवतो. हनुमानाची शक्ती त्याच्यापासूनच लपलेली असते आणि सोबत्यांच्या बोलण्याने परत येते. झांकीमागे उभ्या असलेल्या समूहाला हा आशय परका वाटण्याचे कारण नाही. उत्तरार्धात मात्र रामायणातील प्रसंग घाईने उरकले जातात, आणि रामाशी जडणाऱ्या नात्याला जो अवकाश हवा तो मिळत नाही, त्यामुळे वीर दिसत राहतो आणि दास धूसर होतो.

अनुराग कश्यप यांच्या 2007 च्या 'रिटर्न ऑफ हनुमान'मध्ये हाच तोल अधिक ढळला. हनुमानाने मानवी बालक म्हणून जन्म घेऊन, मारुती या नावाने गावातील शाळेत जाऊन एका दुबळ्या वर्गसोबत्याच्या पाठीशी उभे राहणे, ही कल्पना दास्यभावाला नवे क्षेत्र देणारी आणि खरोखर चांगली होती, परंतु शेवटाकडे संकट साऱ्या पृथ्वीवर पसरवण्याच्या नादात वर्गातला तो दुबळा सोबती कथेच्या कडेला पडला आणि मारुतीची झुंज केवळ ताकदीचे प्रदर्शन होऊन बसली.