लिथियमच्या बाळांची नोंदवही

थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले, ते झोपेची निर्धोक गोळी म्हणून. पुढे ते गर्भिणींना मळमळीवरही दिले जाऊ लागले. नोव्हेंबर १९६१मध्ये तेथे ते मागे घेतले गेले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांची वाढ खुंटलेल्या अवस्थेत जन्मली, असा अंदाज आहे. वार म्हणजे आई आणि गर्भ यांच्यातली अभेद्य भिंत, ही वैद्यकातली जुनी समजूत त्याबरोबर ढासळली. दुधाने तोंड पोळलेले वैद्यक त्यानंतर ताकही फुंकून पिऊ लागले. मनोविकारावरच्या लिथियम या औषधाचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

लिथियमचे क्षार उन्मादावर गुणकारी ठरतात, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दहा रुग्णांच्या नोंदींवरून मांडले. डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊ यांनी ते काम पुढे नेले. स्काऊ यांच्या भावाला वारंवार नैराश्याचे झटके येत आणि लिथियमने त्याला स्थैर्य मिळाले. आज ज्याला आपण बायपोलर डिसऑर्डर म्हणतो, तो आजार बहुधा तरुणपणीच डोके वर काढतो आणि त्यावरचे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यामुळे गर्भारपणात काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता.

तो सोडवण्यासाठी १९६८ साली डेन्मार्कमध्ये ‘लिथियमच्या बाळांची नोंदवही’ सुरू झाली. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईने लिथियम घेतले असेल, तर बाळाची माहिती कळवावी, असे डॉक्टरांना आवाहन करण्यात आले. पुढे इतर देशांतूनही नोंदी आल्या. एकूण २२५ बाळांपैकी २५ बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळले. त्यांतली १८ व्यंगे हृदयाची किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांची होती, आणि त्यांपैकी सहा एब्स्टाइन व्यंगाची. हृदयाच्या उजव्या बाजूची झडप जागेवरून खाली सरकलेली असणे, हे या व्यंगाचे स्वरूप. विल्हेल्म एब्स्टाइन यांनी १८६६ साली त्याचे पहिले वर्णन केले. एरवी ते वीस हजारांत एखाद्याच बाळात दिसते. इथे मात्र २२५ बाळांत सहा! धोका चारशे पटींनी वाढतो, असा अंदाज १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाला आणि तोच आकडा डॉक्टरांच्या मनात घर करून बसला. लिथियम घेणाऱ्या स्त्रियांना औषध बंद करण्याचा, मूल होऊ न देण्याचा, क्वचित गर्भपाताचाही सल्ला मिळू लागला.

नोंदवहीत अंश होता, पण छेद भरवशाचा नव्हता. व्यंग असलेले बाळ जन्मले की डॉक्टर आवर्जून पत्र लिहीत. धडधाकट बाळाबद्दल कळवायला फारसे कोणी बसत नसे. नोंदवही चालवणाऱ्यांना ही त्रुटी ठाऊक होती आणि त्यांनी ती सांगितलीही होती. पण आकडा जितक्या वेगाने पसरतो, तितक्या वेगाने त्याची तळटीप पसरत नाही.

दुरुस्तीला वेळ लागला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळ कसे जन्मेल हे कळण्याआधीच गर्भिणींची नोंद केलेली होती. लिथियम घेतलेल्या १४८ स्त्रियांच्या गटात मोठ्या व्यंगांचे प्रमाण २.८ टक्के निघाले. न घेतलेल्यांच्या गटात २.४ टक्के. २०१७ साली अमेरिकेतल्या तेरा लाखांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तिमाहीत लिथियम घेतलेल्या ६६३ जणींच्या बाळांत हृदयाच्या व्यंगाचे प्रमाण २.४१ टक्के होते, इतरांच्या बाळांत १.१५ टक्के. मात्रा जितकी जास्त, तितका धोकाही जास्त दिसला. म्हणजे धोका खोटा नव्हता. त्याचे माप चुकले होते.

तराजूचे दुसरे पारडे तर बराच काळ कोणी नीट तोललेच नव्हते. २००७ साली बायपोलर आजाराच्या ८९ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रियांचा आजार गर्भारपणातच उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. आजार उलटणे म्हणजे उडालेली झोप, तुटलेले खाणेपिणे, कधी आत्महत्येचा विचार. यातले काहीच गर्भाला सुखाचे नसते.

म्हणून प्रत्येक इशारा अतिरंजितच असतो, असे मात्र नाही. अपस्मार, बायपोलर आजार आणि अर्धशिशी या तिन्हींसाठी वापरले जाणारे व्हॅलप्रोएट १९६७ साली फ्रान्समध्ये विक्रीस आले. गर्भारपणात ते घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांत मणक्याचे व्यंग वाढल्याचे १९८२ साली लिआँहून कळवण्यात आले. तो इशारा खरा ठरला. व्हॅलप्रोएट घेतलेल्या शंभर मातांमागे सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग असते आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक व वर्तनविषयक वाढीत अडचणी दिसतात. तरी मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना हे औषध देण्यावर ब्रिटनमध्ये कडक बंधने आली, ती २०१८ साली. लिथियमच्या बाबतीत भीती पुराव्याच्या पुढे धावली. व्हॅलप्रोएटच्या बाबतीत पुरावा असूनही तो स्त्रियांपर्यंत वेळेत पोहोचला नाही.

आज लिथियम घेणाऱ्या गर्भवतीला सरसकट ‘बंद करा’ असे सांगितले जात नाही. औषध अचानक सोडण्यातला धोका समजावला जातो, मात्रा गुण देईल इतपत कमी ठेवली जाते, रक्तातले प्रमाण वारंवार तपासले जाते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भाचे हृदय बारकाईने पाहिले जाते. एवढ्या साध्या व्यवहारापर्यंत यायला काही दशके गेली. त्या काळात चारशे पटींच्या धास्तीने किती जणींनी औषध सोडले, किती पुन्हा आजारी पडल्या, किती जणींनी हवेहवेसे मूल नाकारले? ती नोंदवही बाळांची होती. आयांसाठी तिच्यात रकाना नव्हता.