छंदखेळांची नियतकालिके : मजकुराची रचना व जाहिरातींचे स्थान

युद्धाची पटावर अनुकृती करणारे वॉरगेम आणि कल्पित पात्राची भूमिका घेऊन खेळावयाचे रोल-प्लेइंग गेम यांच्या व्यासंगी खेळाडूंसाठी अमेरिकेत व इंग्लंडात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी नियतकालिके निघाली, त्यांत लेख कोणत्या क्रमाने लावावेत व जाहिरातींस कोठे जागा द्यावी, हा संपादनातील स्वतंत्र विचाराचा विषय ठरला. सामान्य मासिक एकदा वाचून बाजूस ठेवले जाते. या मासिकांतील नियम, नकाशे व राक्षसांची वर्णने मात्र खेळ चालू असता मेजावर उघडी ठेवून वारंवार पाहावी लागतात. शिवाय, ज्या गावी अशा खेळांचे दुकान नव्हते तेथील वाचकास नवा खेळ निघाल्याची वर्दी बहुधा जाहिरातीवाटेच मिळे, आणि म्हणून लेखांइतक्याच आस्थेने तो जाहिरातीही वाची.

बाल्टिमोरच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने १९६४ साली काढलेल्या ‘द जनरल’ या पत्रात कंपनीच्याच खेळांची चर्चा असे. तथापि ‘प्रतिस्पर्धी पाहिजे’ या मथळ्याखाली वाचकांच्या ज्या छोट्या जाहिराती त्यात छापल्या जात, त्यांनी दूरदूरच्या एकाकी खेळाडूंची परस्परांशी गाठ घालून दिली. १९६७ साली सुरू झालेल्या व १९६९ पासून जेम्स डनिगन यांच्याकडे आलेल्या ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ने अंकासोबत संपूर्ण खेळ देण्याची प्रथा पाडली आणि प्रश्नावली छापून वाचकांकडून लेखांना गुण मागविले, त्यामुळे पुढील अंकांचा मजकूर ठरविताना संपादकाच्या अंदाजास वाचकांच्या कौलाची जोड मिळाली.

१९७६ च्या जूनमध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथून टीएसआर कंपनीचे ‘द ड्रॅगन’ व १९७७ साली लंडनहून गेम्स वर्कशॉपचे ‘व्हाइट ड्वार्फ’ निघाले, आणि नियमित सदरांची पद्धती या दोहोंत परिपक्व झाली. ‘ड्रॅगन’मधील ‘सेज ॲडव्हाइस’ हे सदर नियमांविषयीच्या शंकांचे निरसन करी. इयन लिव्हिंगस्टन यांनी संपादिलेल्या ‘व्हाइट ड्वार्फ’मधील ‘ओपन बॉक्स’मध्ये नव्या खेळांची परीक्षणे येत, तर ‘फीन्ड फॅक्टरी’त वाचकांनी रचलेले राक्षस छापले जात, व त्यांतील कित्येक पुढे १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’ या ग्रंथात समाविष्ट झाले. अशा सदरांमुळे हवा तो मजकूर मागील अंकांतून शोधणे सुकर होई. अंकांचा संग्रह करणाऱ्या खेळाडूस ही सोय फार मोलाची होती.

जाहिरातींच्या मांडणीवर छपाईचे बंधन असे. अंक फर्म्यांनी छापला जात असल्याने पानांची संख्या आयत्या वेळी एकदोनाने वाढविता येत नसे, आणि लेख संपल्यावर उरलेला अर्धा कॉलम छोट्या जाहिरातीने भरून निघे. मलपृष्ठ व मुखपृष्ठांच्या आतील बाजू मोठ्या जाहिरातदारांसाठी राखलेल्या असत. पिनांनी शिवलेल्या अंकाची मधली पाने मात्र अलगद सोडवून घेता येत, म्हणून खेळण्यास उपयोगी मजकुराला तीच जागा सर्वांत सोयीची होती. टॉम व्हॅम यांचा ‘द ऑफुल ग्रीन थिंग्ज फ्रॉम आउटर स्पेस’ हा खेळ १९७९ साली ‘ड्रॅगन’च्या २८ व्या अंकातूनच प्रथम वाचकांच्या हाती पडला. नियमांच्या कोष्टकाच्या मधोमध जाहिरात घालणे किंवा लेखाचे शेपूट चाळीस पाने पुढे नेऊन टाकणे हा अशा मासिकात अक्षम्य दोष मानावयास हवा, कारण त्याचा त्रास वाचताना एकदा व खेळताना प्रत्येक वेळी होतो. परीक्षण व त्याच खेळाची जाहिरात समोरासमोर येऊ न देणे हेही तितकेच अगत्याचे. परीक्षकाचा अभिप्राय निःस्पृह असला तरी अशा शेजाराने त्यावरील विश्वास डळमळतो.

यांतील अनेक मासिकांची मालकी खेळ निर्माण करणाऱ्या कंपन्यांकडेच होती, ही खरी अडचण. प्रारंभीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’मध्ये इतर प्रकाशकांच्या खेळांवरही लेख येत आणि त्यांच्या जाहिरातीही, परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे क्षेत्र गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या खेळांपुरते मर्यादित झाले. चित्रे व छपाई यांत पुढील अंक सरस असतील, पण लेख कोठे संपतो व विक्रीचे आवाहन कोठे सुरू होते हे त्यांत सांगता येत नाही, आणि छंदाच्या सार्वजनिक चर्चेची ही हानी मोठी होय. ‘ड्रॅगन’ने आपली पाने परक्या जाहिरातींस पुष्कळ अधिक काळ खुली ठेवली, हे त्याच्या संपादकांस भूषणावह आहे.

‘ड्रॅगन’चा छापील अवतार २००७ च्या सप्टेंबरात ३५९ व्या अंकाने संपला. तत्पूर्वी १९९९ साली त्याच्या पहिल्या २५० अंकांचा सीडी-संग्रह प्रसिद्ध झाला होता; त्यात पाने जशीच्या तशी, जाहिरातींसह, उतरविलेली आहेत, आणि अल्पायुषी ठरलेल्या कित्येक लहान प्रकाशकांच्या खेळांचा मागोवा घेण्यास या जाहिराती आज उपयोगी पडतात.