कुनिताची स्थानक

जपानमधील तोक्यो महानगराच्या पश्चिम भागातील उपनगरी रेल्वे स्थानक. चूओ मार्गावर तोक्यो स्थानकापासून 34.5 किमी. अंतरावर, निशि-कोकुबुन्जी व ताचिकावा यांच्या दरम्यान.

इथून रेल्वे 1889 पासून धावत होती, पण याहो गावाच्या या रानात थांबायचे कुणाला कारणच नव्हते. 1923 च्या भूकंपात मध्य तोक्योतील वाणिज्य विद्यापीठाच्या (आजचे हितोत्सुबाशी विद्यापीठ) इमारती कोसळल्या. त्सुत्सुमी यासुजिरो यांच्या हाकोने जमीन कंपनीने विद्यापीठासाठी हेच रान निवडले, भोवती निवासी भूखंड पाडले, आणि स्थानक स्वखर्चाने बांधून सरकारी रेल्वेला दिले. 1 एप्रिल 1926 रोजी ते सुरू झाले. भूखंड खपवायचे तर आधी गाडी थांबली पाहिजे, असा हा रोखठोक व्यवहार होता. कोकुबुन्जी आणि ताचिकावा यांच्या नावांतले पहिले एकेक चित्राक्षर जोडून स्थानकाचे नाव ठेवले. पुढे 1951 मध्ये गावानेही तेच घेतले.

नगररचनेचा सगळा डौल दक्षिणेकडे आहे. स्थानकासमोरच्या चौकातून तीन रस्ते फुटतात. मधला, विद्यापीठाकडे सरळ जाणारा, सुमारे 44 मी. रुंद आहे, त्याच्या दुतर्फा चेरी आणि गिंको वृक्षांच्या रांगा आहेत. नैर्ऋत्येच्या फुजिमी रस्त्यावरून, हवा स्वच्छ असेल तर, फुजी पर्वत दिसतो. उत्तरेकडे मात्र थोड्याच अंतरावर कोकुबुन्जी शहराची हद्द लागते. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेत शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेचे तंत्र विकसित झाले. त्या परिसराला ‘हिकारी’ या शिंकान्सेन गाडीचेच नाव आहे.

लाल तिकोनी छपराची मूळ लाकडी इमारत तोक्योतील हाराजुकूखालोखाल जुनी मानली जाई. रूळ उन्नत करण्यासाठी 2006 मध्ये ती उतरवण्यात आली. शहराने तिला वारसा दर्जा देऊन सुटे भाग जपून ठेवले. 2010 मध्ये दोन्ही दिशांची वाहतूक उन्नत मार्गावर आली. आता वर दोन फलाट व तीन रूळमार्ग आहेत, खाली दुकाने आहेत. मुसाशिनो मार्गाकडे जाणारी जोडशाखा इथूनच फुटते. नवे स्थानक सोयीचे आहे, पण दिसायला इतर कुठल्याही उन्नत स्थानकासारखेच. ओळख टिकली ती जुन्या इमारतीमुळे. एप्रिल 2020 मध्ये ती जवळपास मूळ जागी पुन्हा उभी राहिली. तिथे आता तिकिटे मिळत नाहीत. शहराचे माहिती केंद्र चालते.

विशेष जलद गाड्या कुनिताचीला थांबत नाहीत.