एबीएस असूनही गाडी का घसरते? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारण्याआधी हे समजून घ्या

पावसाळा लागला की गावाकडच्या रस्त्यांवर गाड्या घसरायला सुरुवात होते. कुणी डेअरीला दूध घालायला निघालेलं असतं, कुणी पोराला शाळेत सोडायला. घसरल्यावर बरेच जण एकच सांगतात, ‘ब्रेक तर मारला होता!’ खरी अडचण इथेच आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला नाही म्हणून जेवढ्या गाड्या पडतात, तशाच तो एकदम लागून चाक अडकलं म्हणूनही पडतात. चाक अडकू नये यासाठीच एबीएस असतं. पण ते कुठे वाचवतं आणि कुठे हात टेकतं, हे चालकाला माहीत पाहिजे.

चाक अडकलं की काय होतं?

चाक फिरत असेल तोवर टायर रस्त्याला धरून असतो आणि हँडल वळवलं की गाडी वळते. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचं थांबतं, पण गाडीचा वेग तेवढाच असतो. मग टायर रस्त्यावरून नुसता सरकत जातो. अशा वेळी कारचं स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच जाते.

दुचाकीचं याहून अवघड. मागचं चाक अडकलं तर गाडीची शेपटी बाजूला जाते, पण ब्रेक थोडा सैल केला तर बऱ्याचदा गाडी सावरता येते. पुढचं चाक अडकलं तर सावरायला वेळच मिळत नाही, माणूस खाली येतो. ‘पुढचा ब्रेक मारू नको, पडशील’ असं घरोघरी सांगितलं जातं ते यामुळेच.

एबीएस काम कसं करतं?

चाकाजवळ एक सेन्सर आणि खाचा असलेली लोखंडी रिंग असते. चाक किती वेगाने फिरतंय हे सेन्सर सतत मोजतो. चाक अचानक थांबायला लागलं की गाडीतला छोटा संगणक ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतो, चाक पुन्हा फिरू देतो आणि दाब पुन्हा वाढवतो. एका सेकंदात हे अनेक वेळा घडतं. कुठल्याही माणसाच्या पायाला किंवा बोटांना हे जमणार नाही.

जर्मनीतल्या बॉश कंपनीने बनवलेलं असं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीज कारमध्ये पहिल्यांदा बसवलं गेलं. तेव्हा ही श्रीमंतांच्या गाडीतली सोय होती. आज ती आपल्याकडच्या दीडशे सीसी मोटारसायकलमध्येही आहे.

एबीएस सुरू झालं की ब्रेक पेडल किंवा लिव्हर पायाला-हाताला थरथरल्यासारखं लागतं, कारमध्ये कटकट असा आवाजही येतो. काही तरी बिघडलं असं वाटून अनेक जण घाबरून पाय उचलतात. इथेच घात होतो. ती थरथर म्हणजे एबीएस काम करत असल्याची खूण आहे.

तुमच्या गाडीला एबीएस आहे की सीबीएस?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसी आणि त्याखालच्या गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस, यापैकी एक चालतं असा तो नियम होता. त्यामुळे गावात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या १००-११० सीसीच्या गाड्यांना आणि स्कूटरना बहुतेक करून सीबीएसच असतं. त्याआधीच्या जुन्या गाड्यांना बऱ्याचदा दोन्ही नसतात. नव्या कारना मात्र एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे.

नावं सारखी वाटली तरी कामात मोठा फरक आहे:

- सीबीएस : एक ब्रेक दाबला की पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना थोडा-थोडा ब्रेक लागतो. मात्र चाक अडकायचं ते थांबवत नाही.
- सिंगल चॅनल एबीएस : फक्त पुढचं चाक अडकू देत नाही. मागचं चाक अडकू शकतं.
- ड्युअल चॅनल एबीएस : दोन्ही चाकं अडकू देत नाही.

ओळखायचं कसं? चावी फिरवल्यावर मीटरमध्ये ‘एबीएस’चा पिवळा दिवा लागतो. दुचाकीत गाडी थोडी पुढे गेली की तो विझतो, कारमध्ये काही सेकंदांत विझतो. हा दिवा लागतच नसेल तर गाडीला एबीएस नाही किंवा दिवा खराब आहे. चालू गाडीत तो विझतच नसेल तर एबीएस बंद पडलेलं आहे. साधे ब्रेक चालतील, पण चाक अडकू शकतं. जुनी गाडी विकत घेताना हे आधी बघावं.

एबीएस रस्ता बदलत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे एबीएस आहे तर गाडी जागच्या जागी थांबेल. एबीएसचं पहिलं काम ताबा टिकवणं हे आहे. थांबायला किती अंतर लागेल हे टायर, रस्ता आणि वेग यांवर ठरतं. धोका दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद गेला असं धरून साधारण हिशेब असा येतो:

- ताशी ४० किमी : कोरड्या डांबरावर सुमारे २० मीटर, ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरने २७ मीटर, चिखलावर ४० मीटरच्या पुढे.
- ताशी ६० किमी : कोरड्यावर सुमारे ३७ मीटर, ओल्यावर ५२ मीटर, चिखलावर ८५ मीटरच्या पुढे.

वेग दीडपट झाला, पण अंतर त्याहून जास्त वाढलं. वेग दुप्पट केला तर नुसत्या ब्रेकला लागणारं अंतर चौपट होतं. एबीएस असो वा नसो, हा हिशेब कुणालाच चुकत नाही.

खडी, मुरूम आणि सैल मातीवर तर एबीएसची गाडी थांबायला जास्तही अंतर घेऊ शकते. अडकलेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि तो ढीग गाडी अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग होत नाही. त्या बदल्यात हँडल मात्र हातात राहतं.

आपले रस्ते कुठे फसवतात?

- पहिला पाऊस : डांबरावर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून पातळ थर होतो. संततधारेने रस्ता धुऊन निघेपर्यंत तो जास्त निसरडा असतो.
- शेतातून रस्त्यावर येणारा चिखल : भातलावणीच्या दिवसांत आणि ऊसतोडीत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो. बांधावरून रस्ता लागतो तिथे वेग आधीच कमी करावा.
- वाळवण आणि मळणी : रस्त्यावर पसरलेली मका, सोयाबीन, ज्वारी टायरखाली गोळ्यांसारखी फिरते. ब्रेक न मारता सावकाश आणि सरळ पार करावं.
- लोखंड आणि रंग : पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी आणि गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पाण्यात गुळगुळीत होतात.
- साचलेलं पाणी : जास्त वेगात टायर पाण्यावर तरंगतो. टायर रस्त्याला टेकलेलाच नसेल तर एबीएस काही करू शकत नाही.
- वळण : कललेल्या दुचाकीचा टायर वळण्यातच बरीचशी पकड वापरत असतो. साधं एबीएस सरळ रस्त्यावर जेवढं वाचवतं तेवढं वळणावर वाचवत नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारावा.

ब्रेक मारायचा कसा?

कार, एबीएस असेल तर : पेडल पूर्ण जोरात दाबा, दाबून धरा आणि मोकळ्या जागेकडे स्टिअरिंग वळवा. पेडल थरथरलं तरी पाय उचलू नका. जुन्या चालकांना ब्रेक सोडून-सोडून मारायची सवय असते. एबीएसच्या गाडीत त्याने अंतर उलट वाढतं.

दुचाकी, एबीएस असेल तर : गाडी सरळ उभी ठेवा, नजर पुढे ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबा. सिंगल चॅनल असेल तर मागचा ब्रेक बेताने.

एबीएस नसेल किंवा सीबीएस असेल तर : दोन्ही ब्रेक वापरा, पण दाब हळूहळू वाढवा. चाक सरकतंय असं वाटलं की किंचित सैल करा आणि पुन्हा दाबा. फक्त मागच्या ब्रेकवर विसंबू नका. ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे मागचा ब्रेक एकटा गाडी लवकर थांबवत नाही.

उतारावर : न्यूट्रल करू नका, खालचा गिअर ठेवा. मात्र दुचाकीचा गिअर एकदम दोन पायऱ्या खाली टाकून क्लच झटकन सोडला तर मागचं चाक इंजिनमुळे अडखळतं. ते एबीएसला थांबवता येत नाही.

एबीएसची पहिली थरथर अपघाताच्या वेळी अनुभवण्यापेक्षा आधी ओळखीची करून घेतलेली बरी. कारचालकाने मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कुणी नसताना, ताशी २०-३० च्या वेगात एक-दोनदा जोरात ब्रेक दाबून पाहावा.

एवढं तपासा

- टायरची नक्षी दुचाकीला किमान ०.८ मिमी आणि कारला १.६ मिमी हवी, हा नियम आहे. पावसाळ्यात त्याआधीच टायर बदललेला चांगला. टायरच्या खाचेतल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं की टायर संपला.
- हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. दुधाचे कॅन किंवा खताची पोती लादल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं, हे धरून चाला.
- चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल धुऊन काढा. पंक्चर काढताना रिंग वाकली किंवा वायर ताणली गेली तर एबीएस बंद पडतं. चाक बसवल्यावर दिवा विझतो का ते बघा.
- ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं. साधारण दोन वर्षांनी, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते बदलून घ्या.

ज्यांच्या गाडीला एबीएस नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. चांगले टायर, कमी वेग आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर एवढं पाळलं तर जोरात ब्रेक मारायची वेळ फार कमी येते. ज्यांच्या गाडीला आहे त्यांनीही वेग तेवढाच कमी ठेवायचा आहे. हेल्मेट दोघांनाही लागतं, मागे बसणाऱ्यालाही.

अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस किंवा इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर फोन करावा.