मुदतीचा ताप आणि नवी मुंबईची लस

विषमज्वर किंवा टायफॉइड सुरू होतो आतड्यात, पण रुग्ण तापाने फणफणतो तेव्हा जीवाणू रक्तात उतरलेले असतात. जुन्या पिढीने त्याला ‘मुदतीचा ताप’ म्हटले, कारण औषध नसताना तो तीन-चार आठवडे आपली मुदत पुरी करूनच उतरत असे.

रोगाचे मूळ असलेला साल्मोनेला टायफी हा जीवाणू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. जठरातील आम्लातून जे वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतात. तिथे अस्तरालगत प्रतिकारपेशींचे पुंजके असतात. आतड्यातले काय घातक आणि काय निरुपद्रवी, याची पारख तिथे होते. जीवाणू नेमके तिथूनच आत शिरतात. भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण ते पचत नाहीत. त्याच पेशींत बसून ते यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत जातात, वाढतात आणि एक-दोन आठवड्यांनी रक्तात येतात. भक्षक पेशींनी ओळखू नये म्हणून त्यांच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचे शर्करेचे आवरण असते. तरीही प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी भक्षक पेशींना चेतवतात, बी पेशी जीवाणूंना चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार करतात आणि बहुतेक रुग्णांत शरीर हळूहळू वरचढ होते. काहींच्या पित्ताशयात मात्र जीवाणू वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांच्या विष्ठेवाटे रोग पसरत राहतो.

या प्रतिपिंडांचा उपयोग पॅरिसचे फर्नांद विडाल यांनी 1896 मध्ये निदानासाठी केला. रुग्णाच्या रक्तातील पातळ द्रव, म्हणजे सीरम, जीवाणूंच्या गढूळ मिश्रणात घातला की प्रतिपिंडे जीवाणूंना एकमेकांशी जखडतात आणि बारीक गुठळ्या दिसतात. ‘विडाल’ नावाची ही चाचणी भारतातील प्रयोगशाळांत आजही होते. परंतु प्रतिपिंडे वाढायला आठवडाभर लागतो आणि जुन्या संसर्गाचीही रक्तात उरलेली असतात. म्हणून रक्तातून प्रत्यक्ष जीवाणू वाढवून पाहणारी ‘ब्लड कल्चर’ तपासणी अधिक भरवशाची मानतात.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अ‍ॅल्मरॉथ राइट यांनी उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची लस तयार केली. प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले असता त्यांनी सुमारे 4000 सैनिकांना ती टोचली. या लशीने संरक्षण मिळे, पण ताप आणि दंडाची सूजही येई. 1934 मध्ये व्हीआय आवरणाचा शोध लागला. जीवाणूला लपवणारे हेच आवरण शुद्ध करून पुढे लस म्हणून वापरण्यात आले. त्यात एक उणीव होती. नुसत्या शर्करेला टी पेशी प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे दोन वर्षांखालील बाळांत तिचा उपयोग होत नाही आणि संसर्गाची स्मृतीही नीट टिकत नाही. यावर उपाय म्हणून शर्करेला धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाचे प्रथिन जोडण्यात आले. प्रथिनामुळे टी पेशी मदतीला येतात आणि लहान बाळांतही प्रतिपिंडे टिकाऊ होतात. हीच ‘कॉन्जुगेट’ लस. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या अशा लशीला भारतात 2013 मध्ये परवाना मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये टायफॉइड असलेल्या देशांना तिची शिफारस केली.

सार्वजनिक आरोग्यसेवेत या लशीची जगातील पहिली मोहीम नवी मुंबईत झाली. 1970 पासून सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने वसवलेल्या आणि 1992 पासून स्वतंत्र महानगरपालिका असलेल्या या शहरात ‘नोड’ म्हटल्या जाणाऱ्या आखीव विभागांशेजारीच जुनी गावठाणे आणि दाट झोपडवस्त्या आहेत; लसीकरणाची आखणी महापालिकेच्या 22 नागरी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्षेत्रानुसार झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून 11 क्षेत्रे पहिल्या टप्प्यात घेण्यात आली, उरलेली पुढच्या टप्प्यासाठी ठेवली गेली. त्यामुळे लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या भागांची तुलना करता आली. 14 जुलै ते 25 ऑगस्ट 2018 या काळात 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या 1,13,420 मुलांना स्नायूत एकेक मात्रा टोचण्यात आली. पुढील पाहणीत लसीकरण झालेल्या भागांत टायफॉइडचे प्रमाण कमी आढळले. 2019 मध्ये पाकिस्तानने ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली.

लस जीवाणूची ओळख शरीराला आधीच करून देते. मैला पाण्यात मिसळू न देणे हे नळ आणि गटारांचेच काम राहते.