तिळा तिळा दार उघड

मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात, त्याचे हे नियम. पासवर्ड कसा पाठवायचा याचं एक उदाहरण त्यात आहे. युजरनेम ‘अलादिन’ आणि पासवर्ड ‘ओपन सेसमी’, म्हणजे आपलं ‘तिळा तिळा दार उघड’. आता हा मंत्र अलादिनचा नाही, अलीबाबाचा, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि अलीबाबाला तो मिळाला कसा? झाडावर लपून, चोरांचं बोलणं ऐकून. लिहिणाऱ्यांनी मुद्दाम केलं की नाही देव जाणे, पण उदाहरण अगदी चपखल बसलंय.

कारण ‘बेसिक’ नावाच्या त्या पद्धतीत नाव आणि पासवर्ड जोडून बेस६४ मध्ये लिहायचे आणि ‘ऑथरायझेशन’ नावाच्या हेडरमधून प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचे. बेस६४ हे कुलूप नव्हे, नुसती वेगळी लिपी. मजकूर मोडीत लिहिला म्हणून गुप्त होत नाही, मोडी येणारा वाचतोच. ही पद्धत सुरक्षित नाही, हे त्या दस्तऐवजातच लिहून ठेवलं होतं. तरी ती सगळीकडे वापरली गेली.

‘याचा आणि आमचा काय संबंध?’ असं विचाराल, तर ट्युनिशियाचं बघा. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझीदमध्ये मोहम्मद बुआझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि देश पेटला. आंदोलनाच्या बातम्या, व्हिडिओ फेसबुकवर फिरत होते. तेव्हा लॉगिनचं पान साध्या एचटीटीपीवरून यायचं. वाटेतच कुणीतरी त्यात जावास्क्रिप्टच्या काही जादा ओळी घालत होतं. फेसबुक, जीमेल, याहू, तिन्हींच्या पानांत. पान दिसायला तेच. तुम्ही नाव-पासवर्ड टाकून बटण दाबलं की त्या ओळी दोन्ही उचलायच्या आणि एका वेगळ्या विनंतीत घालून पाठवायच्या. लाइनवर नजर ठेवणाऱ्याला तेवढी विनंती पकडली की काम झालं. संशय सरकारी यंत्रणेवर होता. जानेवारीत फेसबुकने ट्युनिशियातले सगळे वापरकर्ते एचटीटीपीएसवर वळवले. १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले.

इथे सर्व्हर कुणी फोडला नव्हता, हे लक्षात घ्या. पानात आलेली ओळ कुणी लिहिली, हे ब्राउझर विचारत नाही. पानात आहे ना, मग ती पानाचीच.

पुढे पासवर्डऐवजी टोकन आलं. त्याची ‘बेअरर’ पद्धत ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाण झाली. बेअरर म्हणजे बँकेच्या बेअरर चेकमधलाच. आपल्या जुन्या सावकारीत दोन हुंड्या होत्या. देखनहार हुंडी जो दाखवेल त्याला पैसे. शहाजोग हुंडी मात्र बाजारात पत असलेल्या माणसालाच, आणि तो तसा आहे याची खात्री करायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची. (‘शहाजोग’ शब्दाचं आज जे झालंय ते झालंय.) आधीच्या ओऑथ पद्धतीत प्रत्येक विनंतीवर सही लागायची. ती किचकट होती म्हणून नव्या आवृत्तीत सहीची सक्ती गेली. मसुद्याचे मुख्य संपादक एरन हॅमर यांनी याच आणि इतर कारणांवरून जुलै २०१२ मध्ये आपलं नाव काढून घेतलं. माझ्या मते सहीबद्दलची त्यांची तक्रार रास्त होती.

आता हे टोकन ब्राउझरमध्ये ठेवायचं कुठे? कुकी प्रत्येक विनंतीबरोबर आपोआप जाते, त्याचा गैरफायदा दुसरी साइट घेऊ शकते. हेडर तसं जात नाही, जावास्क्रिप्टने घातलं तरच जातं. हा खरा फायदा. पण घालायचं तर टोकन जावास्क्रिप्टच्या हातात हवं, म्हणून पोरं ते लोकल स्टोरेजमध्ये टाकून मोकळी होतात. तिथे पानातली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते. जाहिरातीची, चॅटच्या डब्याची, कुणाचीही. स्क्रिप्टला वाचताच येणार नाही अशी कुकी मायक्रोसॉफ्टने २००२ मध्येच आणली होती, पण दुसऱ्या साइटचा धोका टाळण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि ती करायचा कंटाळा.

परवा आमच्या भागातल्या एका संस्थेची साइट उघडली. एफ १२ दाबलं की पानाचा कोड कुणालाही दिसतो. त्यात ऑथरायझेशन हेडरची किल्ली सरळ लिहिलेली. सभासदांची नावं, मोबाइल नंबर, थकबाकी मागवायला सगळ्यांसाठी ती एकच किल्ली. साइट एचटीटीपीएसवर आहे, कुलपाचं चिन्हही दिसतं. त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण किल्ली वाटेत कुणी चोरायची गरजच नाही, संस्था स्वतः ती प्रत्येकाच्या ब्राउझरला देते आहे. ती किल्ली आधी रद्द करायला हवी, मग नवी सर्व्हरवर ठेवायची, आणि प्रत्येक सभासदाला लॉगिननंतर त्याच्यापुरतं, थोड्या वेळाचं टोकन द्यायचं. चार दिवसांचं काम आहे.

संस्थेला लेखी पत्र दिलंय, पोच घेतली आहे. किल्ली बदलेपर्यंत नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. तुमच्या संस्थेची किंवा सोसायटीची साइट असेल तर येत्या सभेत एवढंच विचारा: किल्ली पानात आहे की सर्व्हरवर?