अमेरिकावारीत विमानोड्डाणाची हौस : परवाना, व्हिसा आणि परतीचे तिकीट

अमेरिकेतील मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले वडील, कंपनीच्या कामासाठी महिनाभर पाठवलेला अभियंता किंवा सुटीत बहिणीकडे गेलेली महाविद्यालयीन तरुणी, यांपैकी कुणी ना कुणी एखाद्या रविवारी गावाबाहेरच्या छोट्या विमानतळाच्या कुंपणापाशी थबकतेच. कॅलिफोर्नियात पालो आल्टो किंवा सॅन होजेचे रीड-हिलव्ह्यू, न्यू जर्सीत कॉल्डवेलचा एसेक्स काउंटी विमानतळ ही अशी ठिकाणे. कुंपणापलीकडे चार आसनी विमाने ओळीने उभी असतात. दर काही मिनिटांनी एखादे उतरते आणि त्यातून वैमानिकाच्या गणवेशातील कुणी नव्हे, तर साधी पँट-टीशर्ट घातलेला दंतवैद्य किंवा शाळेतला शिक्षक बाहेर पडतो. ‘हे आपल्यालाही करता येईल का?’ हा प्रश्न तेथे साहजिकच पडतो.

उत्तर होकारार्थी आहे. मात्र कुठवर करता येईल, हे पाहुण्याच्या हातातील कागदांवर आणि त्याहून अधिक त्याच्याजवळ असलेल्या दिवसांवर ठरते. हौशी उड्डाणासाठी अमेरिकेसारखा मोकळा देश दुसरा क्वचितच असेल. तेथे सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यांपैकी नियंत्रण मनोरा असलेले जेमतेम पाचशेच्या आसपास. बाकी ठिकाणी वैमानिकांनीच एका ठरावीक रेडिओ लहरीवर आपला ठावठिकाणा जाहीर करायचा आणि एकमेकांना सांभाळून घ्यायचे. बहुतेक छोट्या विमानतळांवर उतरण्याचे शुल्कही नसते.

एका तासाची चव

ज्याला केवळ अनुभव हवा आहे, त्याच्यासाठी ‘डिस्कव्हरी फ्लाइट’ हा सर्वांत सोपा मार्ग. अर्धा ते एक तासाच्या या उड्डाणात पाहुणा डाव्या, म्हणजे मुख्य वैमानिकाच्या आसनावर बसतो आणि प्रशिक्षक उजवीकडे. विमान हवेत स्थिरावले की सुकाणू पाहुण्याच्या हाती दिले जाते. यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, पर्यटक व्हिसाची अडचण येत नाही आणि प्रसिद्धीसाठीचे प्रात्यक्षिक उड्डाण म्हणून सुरक्षा तपासणीतूनही ते वगळलेले आहे. हौस येथेच भागत असेल, तर यापेक्षा अधिक खटाटोप करण्याचे कारण नाही.

शिकायचे असेल तर

याच्या पुढचे पाऊल म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, आणि खरी गुंतागुंत तेथून सुरू होते. फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अर्थात ‘एफएए’च्या नियमानुसार या परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत, इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता आणि समजता यायला हवे, आणि किमान ४० तासांचे उड्डाण हवे. त्यात २० तास प्रशिक्षकासह आणि १० तास एकट्याने करावे लागतात. रात्रीच्या उड्डाणाचे तीन तासही प्रशिक्षकासोबतच्या तासांतच धरलेले असतात. साठ प्रश्नांच्या लेखी परीक्षेत ७० टक्के गुण आणि त्यानंतर परीक्षकासमोर तोंडी व प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा. चाळीस तास हा कायद्याचा आकडा झाला. बहुतेकांना साठ-सत्तर तास लागतात. सेस्ना १७२ सारखे विमान इंधनासह ताशी साधारण १५० ते २०० डॉलरना मिळते. प्रशिक्षकाचे मानधन त्यावर. तेव्हा एकूण खर्च १२ हजार डॉलरच्या पुढेच जातो.

पण पैशांआधी व्हिसा. पर्यटकांच्या बी-२ व्हिसावर हौस म्हणून एखादा अल्पकालीन वर्ग करता येतो. परवाना मिळवून देणारा व्यावसायिक स्वरूपाचा अभ्यासक्रम त्यात बसत नाही. त्यासाठी एम-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो आणि तो मिळण्यासाठी गृहसुरक्षा खात्याची मान्यता असलेल्या संस्थेचा आय-२० अर्ज. गल्लीबोळातील प्रत्येक उड्डाणसंस्थेला ही मान्यता नसते. ‘आमच्याकडे कुणी व्हिसा विचारत नाही,’ असे सांगणारा भेटला, तरी नियमभंगाचा परिणाम त्याच्यावर नव्हे, तर पुढच्या वेळी दूतावासाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या पाहुण्यावर होतो. याउलट ज्याच्या घरी पाहुणा उतरला आहे तो मुलगा किंवा जावई एच-१बी व्हिसावर नोकरी करत असेल, तर नोकरी सांभाळून त्याला फावल्या वेळात शिकता येते.

सुरक्षा तपासणी मात्र त्यालाही चुकत नाही, ग्रीनकार्डधारकालाही नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील काही अपहरणकर्त्यांनी फ्लोरिडातील उड्डाणसंस्थांत रीतसर प्रशिक्षण घेतले होते, हे उघड झाल्यानंतर हा सारा बंदोबस्त आला. २००४ पासून परकीय नागरिकांच्या तपासणीचे काम वाहतूक सुरक्षा प्रशासन म्हणजे ‘टीएसए’ पाहते. २०२४ मध्ये नियमांची फेरमांडणी झाली आणि एकदा मिळालेली मंजुरी पाच वर्षांपर्यंत ग्राह्य धरली जाऊ लागली. पहिला परवाना, उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे मानांकन आणि बहुइंजिनी विमानाचे मानांकन या तिन्हींसाठी ती लागते. बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि मंजुरी हाती येईपर्यंत प्रशिक्षण सुरू करता येत नाही.

भारतीय परवाना जवळ असेल तर

ज्यांनी भारतात आधीच खासगी किंवा व्यावसायिक परवाना मिळवला आहे, त्यांच्यासाठी वाट बरीच सरळ आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार वैमानिकाचा परवाना विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. भारतीय विमानाच्या शेपटीवर ‘व्हीटी’ असते, अमेरिकी विमानावर ‘एन’. म्हणजे भारतीय परवाना कितीही खरा असला, तरी ‘एन’ अक्षराच्या विमानाला तो जसाच्या तसा चालत नाही.

यावर एफएएने तोडगा काढला आहे. परदेशी परवान्याच्या आधारावर, नव्याने परीक्षा न घेता, खासगी वैमानिकाचे अमेरिकी प्रमाणपत्र दिले जाते. त्यासाठी ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या शाखेकडे अर्ज करायचा. ती शाखा भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे परवान्याची खातरजमा करते. या कामाला ४५ ते ९० दिवस धरावेत, असे एफएएच सांगते. खातरजमेचे पत्र सहा महिने ग्राह्य असते, आणि तेवढ्या मुदतीत अमेरिकेत प्रत्यक्ष हजर राहून प्रमाणपत्र घ्यावे लागते. जो विमानातून उतरल्यावर अर्ज करतो, त्याची सुटी पत्राची वाट पाहण्यातच संपते. अर्ज मुंबई-पुण्यातून निघण्यापूर्वी, तेही तीन महिने आधी करायला हवा.

हे प्रमाणपत्र मूळ परवान्याच्या पाठीवर बसलेले असते. भारतीय परवान्याचा क्रमांक त्यावर छापलेला असतो आणि मूळ परवाना निलंबित झाला वा त्याची मुदत सरली, की अमेरिकी प्रमाणपत्रही निरुपयोगी. भारतात व्यावसायिक परवाना असला, तरी तेथे अधिकार खासगी वैमानिकाचेच मिळतात. शिवाय उड्डाणापूर्वी अमेरिकी प्रशिक्षकाकडून ‘फ्लाइट रिव्ह्यू’, म्हणजे किमान एक तास चर्चा आणि एक तास उड्डाण, पार पाडावा लागतो. विमान भाड्याने देणारी संस्था आपल्या विमानावर आणखी एक चाचणी घेते, ती वेगळीच. परदेशात पत्ता असलेल्या प्रमाणपत्रधारकाने कायदेशीर कागदपत्रे स्वीकारण्यासाठी अमेरिकेतील एखादा प्रतिनिधी नेमला पाहिजे, ही अट २०२५ पासून आली. नातेवाइकाचे नाव येथे उपयोगी पडते.

हडसनवरून

एवढे सोपस्कार करून लोक जातात कुठे? कॅलिफोर्नियातील वैमानिक पाहुण्यांना गोल्डन गेट पुलावरून फिरवून आणतात. पूर्वेला मान हडसन नदीच्या मार्गाचा. न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या विमानतळांच्या गजबजलेल्या आकाशाखाली नदीवर एक मोकळी पट्टी ठेवलेली आहे. व्हेराझानो पुलापासून उत्तरेकडे निघावे, डावीकडे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, उजवीकडे मॅनहॅटनच्या इमारती, आणि उंची अशी की वरचे मजले डोळ्यांच्या पातळीवर येतात. नियंत्रकाची परवानगी लागत नाही. प्रत्येकाने ठरलेल्या खुणांवर रेडिओवरून आपले स्थान सांगायचे, वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू, उत्तरेकडे जाणाऱ्याने पूर्व काठ धरायचा आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याने पश्चिम. नदीवरून थेट पुढे जाणाऱ्या विमानांनी एक हजार ते तेराशे फुटांच्या दरम्यान राहायचे.

हे नियम मोजून-मापून झाले, त्यालाही कारण घडले. ८ ऑगस्ट २००९ रोजी याच पट्टीत एक खासगी पायपर विमान आणि इटालियन पर्यटकांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ जण मृत्युमुखी पडले. एकमेकांना पाहणे हाच जेथे मुख्य आधार, तेथे न पाहणे किती महाग पडते, याचा तो दाखला ठरला. भारतात नियंत्रकाच्या सूचनांवर उडायला शिकलेल्या वैमानिकाला मनोरा नसलेल्या विमानतळांची आणि अशा पट्ट्यांची सवय नसते. पहिल्या फेरीला स्थानिक प्रशिक्षक शेजारी घेणे, त्याचे शंभरेक डॉलर वाचवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

वॉशिंग्टनच्या बाजूला जाणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. राजधानीभोवती ६० सागरी मैलांच्या परिघात दृश्य नियमांनुसार उडण्यासाठी एफएएचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करणे बंधनकारक आहे. राष्ट्राध्यक्ष जेथे जातात तेथेही तात्पुरते निर्बंध लागू होतात. चुकून आत शिरलेल्या विमानाशेजारी लढाऊ विमान येऊन उभे राहते. कोलोरॅडोतील लेडव्हिल विमानतळ ९,९३४ फूट उंचीवर आहे. समुद्रसपाटीवर शिकलेल्याला तेथील विरळ हवेत तेच विमान ओळखीचे वाटत नाही. धावपट्टी संपत आली तरी ते उचलत नाही.

वजनाचा हिशेबही तसाच. सेस्ना १७२ ला आसने चार असली, तरी टाक्या पूर्ण भरल्यावर माणसे आणि सामान यांसाठी साधारण अडीचशे किलोच उरतात. म्हणजे तीन जाणती माणसे. चौथ्याला न्यायचे तर इंधन कमी भरायचे, आणि चिवड्या-लाडवांचे डबे घरी ठेवायचे. भाडे वाटून घेण्याची मुभा आहे, पण वैमानिकाने आपला समान वाटा दिलाच पाहिजे. इतरांच्या पैशांवर फुकट उडणे हे खासगी परवान्यात बसत नाही. प्रवासी बसवायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली असावी लागतात.

ठरलेली तारीख

हौशी उड्डाणातील सर्वांत घातक वस्तू इंजिनात नसते, ती कॅलेंडरवर असते. स्थानिक वैमानिक धुके दिसले की विमान पुन्हा बांधून घरी जातो. त्याला पुढचा शनिवार आहे. पाहुण्याला नाही. मंगळवारी परतीचे विमान, सोमवारी भाड्याचे विमान परत करायचे, आणि बरोबर आलेल्या मंडळींना दिलेला शब्द. ढग उतरू लागले, तरी ‘जाऊ तसे’ म्हणण्याचा मोह येथेच होतो.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी (धाकटे) पत्नी आणि मेहुणीला घेऊन कॉल्डवेलच्या याच एसेक्स काउंटी विमानतळावरून निघाले. दुसऱ्या दिवशी चुलतबहिणीचे लग्न होते. निघायला उशीर होऊन अंधार पडला होता, समुद्रावर धुरकट हवा होती. उपकरणांच्या आधारे उडण्याचे मानांकन त्यांच्याकडे नव्हते. एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती; त्यांनी एकट्यानेच जाण्याचे ठरवले. मार्थाज व्हिनयार्ड बेटानजीक विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. क्षितिज दिसेनासे झाल्याने दिशाभान हरपले, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. केनेडी तर घरचेच होते, मार्ग ओळखीचा होता. परक्या आकाशात परक्या विमानात बसलेल्याने दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवावेत आणि परतीचा पर्यायी मार्ग, म्हणजे चक्क भाड्याची मोटार, आधीच ठरवावा.

विम्याकडेही निघण्यापूर्वी पाहायला हवे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक प्रवास विमा व आयुर्विमा पॉलिसींत तिकीट काढून केलेल्या विमानप्रवासाला संरक्षण असते. स्वतः विमान चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो. विमान भाड्याने देणाऱ्या संस्थेचा विमा बहुधा संस्थेचे नुकसान भरून काढतो, भाडेकरूचे नाही. भाडेकरूसाठी वेगळी पॉलिसी अमेरिकेत मिळते.

इतर देश आणि परत आल्यावर

कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला सामान्यतः शिक्षण परवाना लागत नाही. खासगी परवान्यासाठी तेथे आणि ब्रिटनमध्ये किमान ४५ तास हवेत. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून केवळ मनोरंजनासाठीचा परवाना २५ तासांत मिळू शकतो, पण त्याचे अधिकार मर्यादित आहेत.

अमेरिकेत नव्याने मिळवलेला परवाना घेऊन परतलेल्याला भारतात ‘व्हीटी’ विमान थेट चालवता येत नाही. शिकागो कराराचा तोच नियम उलट्या बाजूने लागू होतो. महासंचालनालयाच्या परीक्षा, त्यांनी मान्य केलेली वैद्यकीय तपासणी, परदेशी परवान्याची पडताळणी आणि रेडिओ दूरध्वनीचा स्वतंत्र परवाना, हे सारे लागते. तेथे केलेले तास मात्र वाया जात नाहीत. लॉगबुकातील प्रत्येक नोंदीवर प्रशिक्षकाची सही, त्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि विमानाचा नोंदणी क्रमांक असेल, तर ते धरले जातात. ही सही तेथून निघण्यापूर्वीच घ्यावी. एफएएच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण ते वापरायचे तर दर २४ महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू हवा, आणि पुण्यातले घर बदलले तरी नवा पत्ता ३० दिवसांच्या आत ओक्लाहोमा सिटीला कळवावा लागतो.